चटणीच्या युनिटची फरशी: खराटा, मॉप, वायपर की मशीन?

भाकरीताई:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचायला येते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, शेंगा चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी. शेड २२०० स्क्वेअर फूट, खाली शहाबादी फरशी, नऊ बायका कामाला आणि भट्टीवर दोन पोरं. आजपर्यंत माल गावातच आणि गड्ड्याच्या जत्रेत खपायचा, आमची फरशी बघायला कुणी आलं नाही. आता पुण्याच्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर यायलीय तर त्यांचा माणूस आधी तपासणीला आला. भट्टी बघितली, पाण्याचा रिपोर्ट बघितला, लायसन बघितलं, सगळं ठीक म्हणाला आणि कोपऱ्यात खराटा-मॉप ठेवलेले तिथं येऊन जो थांबला तो अर्धा तास हललाच नाही. वर आमचं नशीब असं की त्याच वेळी पॅकिंगच्या टेबलावर एका पाकिटाच्या सीलमध्ये पांढरा दोरा निघाला. टॉवेलचा. आम्ही फरशी, टेबल पुसायला टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या आणतो, किलोवर मिळतात, सोलापुरात कोण वापरत नाही सांगा बरं.
रिपोर्टमध्ये लिहिलंय "क्लीनिंग टूल्स अयोग्य", मुदत एक महिना. योग्य काय ते लिहिलेलं नाही. इकडं एक सेल्समन रोज फोन करतोय, फरशी घासून पाणी ओढून घेणारं मशीन घ्या म्हणून, किंमत लाखाच्या वर. घ्यावं का? का नुसते चांगले वायपर-ब्रश घेऊन भागेल? ज्यांचं फूडचं युनिट आहे त्यांनी अनुभवाचं सांगा प्लीज.

टॉवेलवाला:
धाग्यात धागा निघाला म्हणायचं 😀 ताई, चिंध्या आमच्याच कारखान्याच्या असतील तर माफी मागतो. पण खरं सांगू का, टेरी टॉवेल लूप काढूनच विणतात, कापला की त्या कडेनं दोरे सुटत राहणारच, शिवण मारलेली नसते ना चिंधीला. ती मशिनीचं ग्रीस पुसायला असते, खायच्या टेबलावर न्यायची वस्तूच नाही.

नवीपेठकर:
मशीन घ्या बे सरळ, एकदाच खर्च. कटकट संपली.

क्यूए_काका:
मशीनचं नंतर बघू. ताई, आधी मला तुमच्या शेडचा नकाशा सांगा. कच्चे दाणे कुठं उतरतात, भट्टी कुठं, कांडायचं मशीन कुठं, पॅकिंग कुठं, भाकरी कुठं थापता. आणि पाणी कुठं कुठं वापरता. टूल ठरतं ते घाण कुठली आहे त्यावरनं, दुकानात काय टांगलंय त्यावरनं नाही. मी तीस वर्षं फूड कंपन्यांत क्वालिटीला होतो, पन्नास तरी युनिट बघितली असतील जिथं ब्रश महागडे होते आणि सगळीकडं एकच फिरत होता.

भाकरीताई:
काका, गेटपाशी पोती उतरतात, तिथंच निवडणं. मग भट्टी. भट्टीच्या पलीकडं दाणे गार करून साल उडवतो, मग तिखट मीठ लसूण जिरं घालून कांडण, मग पॅकिंग. डाव्या हाताला भिंत आहे, तिच्या मागं भाकरी. पाणी भाकरीकडंच लागतं, पण संध्याकाळी आम्ही सगळंच धुतो, पाइप लावून. चटणीची बाजू पण. तेल सांडून चिकट होते ना फरशी. खराटा सगळीकडं एकच, मॉप दोन.

क्यूए_काका:
हे बघा, इथंच सापडलं. पाइप.
चटणी हा कोरडा माल आहे. कोरड्यात जंतू वाढत नाहीत, पण मरत पण नाहीत, साल्मोनेला दाण्याच्या मालात महिनोन् महिने गप पडून राहतो. त्याला पाणी मिळालं की तो उठतो. तुम्ही रोज संध्याकाळी पाणी मारून, शहाबादीच्या सांध्यात कूट आणि ओल दोन्ही भरून, रात्रभर शटर पाडून जाताय, आपल्या उन्हाळ्यात आत काय होत असेल ते बघा. अमेरिकेत २००८-०९ साली पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका नावाच्या कंपनीच्या दाण्याच्या मालातून ७१४ लोक आजारी पडल्याची नोंद झाली, ९ जण गेले. तिथं घाण होती, गळकं छत होतं, वर रिपोर्ट खराब आलेला माल पण पाठवलेला. मालकाला २०१५ ला २८ वर्षांची शिक्षा झाली. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, पण दाण्याच्या धंद्यात पाणी ही गोष्ट किती जपून आणायची ते कळावं म्हणून.
दुसरं. कच्चा दाणा जमिनीतून आलेला, माती घेऊन आलेला. जंतू मरायची जागा एकच, भट्टी. भट्टीनंतर तुमची चटणी परत शिजत नाही, गिऱ्हाईक तशीच भाकरीवर घेतं. म्हणजे पोत्याकडचा खराटा कांडणाकडं आला की भट्टी पेटवून उपयोग काय? म्हणून भट्टी ही हद्द धरायची. अलीकडचं सामान वेगळं, पलीकडचं वेगळं, भाकरीचं तिसरं, संडास-बाथरूमचं चौथं. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं, मग वायपर दीडशेचा असो नाहीतर दोन हजाराचा.

दूधवाला_पंढरपूररोड:
काकांचा मान राखून बोलतो, पण आमच्या डेअरीत आम्ही रोज कढत पाणी आणि प्रेशर पंप मारतो, त्याच्याशिवाय फरशी साफ होतच नाही. कोरडं झाडून कुठं तेल निघतंय होय?

क्यूए_काका:
डेअरी ओलीच असते हो, दिवसभर पाणी वाहतं, नाल्याला उतार असतो, तुमचं बरोबर आहे. पण प्रेशर पंप नाल्यात तेवढा मारू नका. नाल्यात लिस्टेरिया नावाचा जंतू बसलेला असतो, प्रेशरनं त्याचे तुषार उडून टेबलापर्यंत जातात. नाल्याला लांब दांड्याचा वेगळा ब्रश, आणि तो ब्रश फक्त नाल्याचाच.
ताई, तुमच्याकडं मात्र चटणीच्या बाजूला पाइप बंद. तेल सांडलं तर तेवढ्याच जागेवर काम. आधी खरवडणीनं कूट उचला, मग अल्कलीवाल्या क्लीनरच्या पाण्यात पिळलेला फडका, मग साध्या पाण्यात घट्ट पिळलेला, मग कोरडा. तेल अल्कलीनं सुटतं, नुसत्या पाण्यानं पसरतं. आणि ती जागा पूर्ण वाळल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

भाकरीताई:
आणि भाकरीकडं? तिथं तर पीठ पडतं, पाणी पडतं, संध्याकाळपर्यंत फरशीवर लगदा होतो. दूधवाले भाऊ म्हणतात तसं गरम पाणी मारू का?

अक्कलकोटची_सून:
अगं बाई नको 😄 ज्वारीच्या पिठावर कढत पाणी म्हणजे उकड होते, आपण भाकरीला तेच करतो ना. फरशीवर उकड काढून ठेवशील, मग उलथण्यानं पण निघायची नाही. माझा अनुभव, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या ओट्यावर करून झालंय. पीठ कोरडं असतानाच ओढून घे, राहिलेलं गार पाण्यानं, मग शेवटी कोमट.

क्यूए_काका:
सूनबाईंनी माझा एक परिच्छेद वाचवला. अगदी असंच.

मशीनमॅन:
मशीनबद्दल मी बोलतो, मी ही मशीनं रिपेर करतो, विकत नाही, त्यामुळं खरं सांगायला मोकळा आहे. स्क्रबर ड्रायर चांगली वस्तू आहे, पण ती पाणी सोडते, ब्रश फिरवते आणि मागं रबरानं पाणी ओढते. हे ओढणं सपाट फरशीवर जमतं, इपॉक्सी नाहीतर पीयू फ्लोअरिंग, म्हणजे वरनं ओतून केलेली बिनसांध्याची फरशी असेल तर मस्त. शहाबादीवर सांधे खाली असतात, फरश्या वरखाली असतात, सांध्यातलं पाणी मशीनला ओढता येत नाही, ते तिथंच राहतं. म्हणजे काका ज्या ओलीबद्दल बोलायलेत ती तुम्ही लाख रुपये देऊन विकत आणणार. शिवाय टाकीतलं घाण पाणी रोज ओतून टाकी धुवायला लागते, नाहीतर मशीनच वास मारतं, हे सेल्समन सांगत नाही. आणि २२०० फुटात भट्टी टेबलं पोती सोडून मोकळी जागा किती उरते? वळवता पण येणार नाही.
तेच पैसे सांधे भरायला घाला. कांडण आणि पॅकिंगची फरशी तरी सलग करा.

नवीपेठकर:
बरं बे, मशीन नको. मग सालीचं काय करायचं, खराट्यानं तर झाडायचंच लागेल ना?

भाकरीताई:
हो ना, सालच खरा ताप आहे. भाजलेल्या दाण्याची साल इतकी हलकी, झाडू लावला की उडून परत टेबलावर. पोरं तर कॉम्प्रेसरची हवा मारून मशीन साफ करतात, सगळी शेड लाल होते.

क्यूए_काका:
हवा मारणं आजपासून बंद. ती साफसफाई नाही, घाणीची जागा बदलणं आहे. खराटा आणि फूलझाडू पण बंद, त्याच्या काड्या आणि कूस सुटतं, चटणीत काडी निघाली तर दोऱ्यापेक्षा मोठं प्रकरण होईल. साल ढकलत न्यायची, उडवायची नाही. त्याला रुंद, मऊ केसाचा पॉलिस्टरचा ब्रश, ज्याचे केस एका दगडात बसवल्यासारखे घट्ट असतात तसा, नाहीतर कोरडा रबरी वायपर. खरं उत्तर व्हॅक्यूम आहे, फूडचा, हेपा म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरवाला. घरातला व्हॅक्यूम मागनं बारीक धूळ परत सोडतो, तो नको.

मशीनमॅन:
व्हॅक्यूम घेताना अँटीस्टॅटिक होज आहे का विचारा, कोरडी बारीक धूळ ओढताना स्टॅटिक तयार होतं आणि ठिणगी नको. अर्थिंगचा सॉकेट तपासून घ्या. आणि दाण्याची साल तेलकट असते, फिल्टर लवकर चोक होणार, दोन फिल्टर ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरा.

हॉटेल_पार्कचौक:
एवढं काय अवघड करायलाव राव. आमच्याकडं पांढरं फिनेल, एक पोरगं आणि सुती मॉप. वीस वर्षं झाली, काय झालं नाही.

अक्कलकोटची_सून:
म्हणून तुमच्या वरणाला पण फिनेलचा वास येतो भाऊ 🙏

क्यूए_काका:
हसू नका, ती खरी अडचण आहे. चटणीत तेल असतं आणि तेल वास धरतं. कांडणाच्या खोलीत फिनेल मारलंत तर तो वास चटणीत बसतो, मग तुम्ही कितीही लसूण घाला. फूडच्या जागेत सुवासिक काहीच नको.
सुती मॉपचं म्हणाल तर तो रात्रभर ओला राहतो, सकाळी तुम्ही कालचे जंतू आजच्या फरशीवर पसरवता. आणखी एक, बरेच जण क्वाट म्हणतात तसलं जंतुनाशक वापरतात, ते सुती कापडाला चिकटून बसतं, फरशीवर पोचेपर्यंत त्यात दम राहत नाही. पॉलिस्टर मायक्रोफायबर फ्लॅट मॉप घ्या, डझनभर कव्हर, रोज धुऊन वाळवायची. ऊन आपल्याकडं काय कमी आहे.

चिंचोळीचा_केमिकल:
डोसचं मी सांगतो. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरिनचं जंतुनाशक. बाजारात ५ टक्क्याचा असेल तर एका लिटर पाण्यात ४ मिली टाकला की २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग होतं, फरशीला तेवढं बास. आधी घाण काढा मग हायपो, पीठ किंवा तेल असेल तर तो त्याच्यातच खर्च होतो. रोज ताजं करा, हायपो उन्हात ठेवलात तर आठवड्यात त्याचं पाणी होतं. आणि हायपोत अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, क्लोरिन वायू निघतो, संडास धुवायचं लिक्विड आणि हायपो एका बादलीत टाकणारी माणसं मी डोळ्यानं बघितलीत.
अ‍ॅसिडवरनं आठवलं, शहाबादी म्हणजे चुनखडी. त्याच्यावर अ‍ॅसिड ओतलं की फेस येतो तो घाणीचा नसतो, तुमची फरशी विरघळत असते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसतो म्हणून लोक अ‍ॅसिड मारतात आणि मग फरशी खडबडीत होऊन दुप्पट घाण धरते.

भाकरीताई:
अरे देवा. दर दिवाळीला मारतो आम्ही.
बरं, मी काल नवी पेठेत जाऊन आले. लाल, निळे, हिरवे, पिवळे, पांढरे असे सेट मिळाले. चटणीकडं लाल, भाकरीकडं पांढरा, पोत्याकडं हिरवा आणि बाथरूमला निळा असं ठरवलंय. डबल पट्टीचा काळ्या फोमचा वायपर पण घेतला, पाणी एकदम छान ओढतो.

ऑडिटवाला:
मी या लाइनमध्येच आहे, रोज हेच बघतो, म्हणून नाव नको. ताई, लाल रंग चटणीकडं नका ठेवू. तुमची चटणी लाल. ब्रशचा लाल केस तुटून पडला तर कुणाला दिसणार? भाकरीकडं पांढरा नको, तेच कारण. खायच्या वस्तू निळ्या फारशा नसतात म्हणून फूडमध्ये निळा चालतो, बोटाला लावायची पट्टी पण निळीच असते. भट्टीच्या पलीकडं निळा, भाकरीकडं हिरवा, पोत्याकडं पिवळा, बाथरूम लाल. रंग कुठला घ्यायचा असा कायदा नाही, पण एकदा ठरला की भिंतीवर लिहून लावा आणि मोडू नका. एफएसएसएआयच्या, म्हणजे लायसन देणाऱ्या सरकारी अन्नसुरक्षा खात्याच्या, २०११ च्या नियमांत शेड्यूल ४ आहे, त्यात जागा, फरशी, सफाई हे सगळं येतं, एकदा वाचून काढा, तपासणारे तेच हातात घेऊन येतात.
आणि तो फोमचा वायपर परत करता आला तर करा. फोमला छिद्रं असतात, आत पाणी आणि पीठ शिरतं, धुतलं तरी निघत नाही. एकसंध एका पट्टीचा रबर घ्या, शहाबादीला जरा मऊच, वरखाली असेल तिथं वाकतो. दांडा लाकडाचा किंवा बांबूचा नको, बुरशी धरतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरचा, दोन्ही टोकं बंद असलेला, पोकळ दांड्यात पाणी साचतं. तारेचा घासा तर शेडमध्येच नको, तार तुटून चटणीत गेली तर विषय संपला.

टॉवेलवाला:
ते परदेशी कंपनीचे असतात ना, व्हायकनचे का काय, ते घ्यायचेच लागतात का? एका ब्रशची किंमत ऐकून माझी चादर सरकली.

ऑडिटवाला:
चांगले आहेत, डॅनिश आहेत, आणि महाग आहेत. मी असतो तर फक्त कांडण आणि पॅकिंगला चार नग तसले घेतले असते. पोत्याकडं आणि बाथरूमला इथलाच प्लास्टिकचा चालेल, केस ओढून बघा, हातात आला तर ठेवा परत. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोक करतात ती गोष्ट म्हणजे टांगायची पट्टी. प्रत्येक भागात भिंतीवर, त्याच रंगाची, ब्रश खाली तोंड करून, जमिनीला न टेकता. कोपऱ्यात उभा केलेला ओला ब्रश बघितला की मी पुढं बघतच नाही, तिथंच पेन काढतो.

भाकरीताई:
तुम्हीच आला नव्हतात ना आमच्याकडं 😅

ऑडिटवाला:
नाही हो. आलो असतो तर अर्धा तास नाही, एक तास थांबलो असतो.

भाकरीताई: (तीन आठवड्यांनी)
अपडेट द्यायला आले. मशीन घेतलं नाही, सेल्समन रागावला. कांडण आणि पॅकिंगची शहाबादी फरशी आहे तशी ठेवून सांधे खरवडून भरून घेतले, दोन दिवस काम बंद ठेवलं, सांध्यातून जे निघालं ते इथं लिहीत नाही, जेवायची वेळ आहे. व्हॅक्यूम घेतला, साल ओढताना बघत बसावंसं वाटतं. पाइपचा नळ चटणीच्या बाजूनं काढूनच टाकला, कारण नळ असला की हात जातोच.
पण माणसं! तिसऱ्या दिवशी बघते तर निळा ब्रश बाथरूममध्ये. अक्काला विचारलं तर म्हणाली हा चांगला आहे, लाल लई मऊ आहे, त्यानं निघत नाही. तिचं खरंच होतं, बाथरूमला मी स्वस्त म्हणून भिकार ब्रश आणला होता. मग कडक केसाचा चांगला लाल आणला, तेव्हापासून निळा जागेवर आहे. आमच्याकडं निम्म्या बायका तेलुगू बोलतात, दोन कन्नड, त्यामुळं भिंतीवर मराठीत लिहून भागलं नाही, मग पोरानं चित्रं काढली, पोतं, भाकरी, पाकीट आणि संडास, खाली रंगाचा पट्टा. हे एकदम चाललं.
बाथरूममध्ये फिरलेला निळा ब्रश मी फेकून दिला, तो त्या महागड्या चारांतला होता, दोन दिवस वाईट वाटलं.

क्यूए_काका:
फेकलात ते बरोबर केलंत. केस वाकले की बाकीचे पण बदला, तारीख दांड्यावर मार्करनं लिहा.
भाकरीकडच्या नाल्याचं काय केलंत?

भाकरीताई:
जाळीच बसत नाही हो काका, शहाबादी कापायला माणूस मिळेना. सोमवारी येतो म्हणालाय. तपासणी शुक्रवारी आहे, सोमवार आधी येतो एवढंच सुख.

टॉवेलवाला:
आणि आमच्या चिंध्या?

भाकरीताई:
दहा किलो पोतं पडलंय गेटबाहेर. टेंपोवाला काच पुसायला मागत होता, घेऊन जा म्हटलं, फक्त आत आणू नको.

नवीपेठकर:
शुक्रवारी पास झालात तर चटणी पाठवा बे ताई इकडं. दोऱ्याशिवायची.